वाचकांचे प्रश्न: आजोबांची बीएसए, करडीचं तेल आणि दसऱ्याचं कुंकू

गेल्या अंकात मी माझ्याकडच्या जुन्या बीएसए मार्टिनीबद्दल दोन पानं लिहिली होती. खाली लिव्हर असलेली, एका वेळी एकच राउंड घेणारी पॉइंट टू टूची (०.२२ इंच बोअरची, बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) टार्गेट रायफल, सासऱ्यांनी हैदराबादहून आणलेली आणि आता माझ्या लायसन्सवर असलेली. वाटलं होतं की दोन-चार जण वाचतील आणि विसरतील, पण पत्रं आली, फोन आले, एकानं तर थेट घर गाठलं. सगळ्यांना एकेकट्याला उत्तर द्यायला जमत नाही म्हणून इथं एकत्र लिहायलोय.

"आजोबांच्या खोलीत लोखंडी संदुकीत एक बंदूक आहे, खाली लोखंडी दांडा ओढला की वरचं तोंड उघडतं. घरात सगळे तिला लष्करी बंदूक म्हणतात. लायसन्स वडिलांच्या नावावर चालू आहे. बाजूला तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचं चित्र कोरलंय. ही मार्टिनी-हेन्री आहे का, आणि लई मौल्यवान आहे का?" (अंबाजोगाई)

दादा, तीन बंदुकांचं चित्र म्हणजे बीएसए, बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. आपल्या पिढीला बीएसए म्हणलं की एसएलआर सायकल आठवते, आणि ते नाव तिथूनच आलंय, कारण १८६१ साली बर्मिंगहॅममध्ये बंदूक बनवणाऱ्यांनी एकत्र येऊन काढलेली ही कंपनी पुढं सायकली आणि मोटरसायकलीही करायला लागली.

आता लष्करी का टार्गेट, हे ओळखायचं सोपं आहे. नळीचं तोंड बघा (आधी लिव्हर खाली ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे याची डोळ्यानं आणि करंगळीनं खात्री करा, आणि हे दर वेळी करा, काल बघितलं होतं म्हणून आज सोडू नका). मार्टिनी-हेन्रीच्या नळीत पेन्सिल सहज जाते, तिची गोळी पॉइंट चारशे पन्नास बोअरची आणि जवळजवळ ३१ ग्रॅमची. पॉइंट टू टूची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, तिच्या नळीत पेन्सिल जाणार नाही. तुम्ही फोटोत दाखवलेलं तोंड बारीक आहे, नळी मात्र जाडजूड आहे आणि मागं डोळ्याजवळ बारीक भोकाची पीप साइट बसवायची जागा आहे. म्हणजे ती कागदावर नेम मारायची रायफल, माणसावर रोखायची नाही.

अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, त्यामुळं तुमच्या गावात कुठलीही जुनी बंदूक लष्करी ठरते हे समजण्यासारखं आहे. पण तुमची रायफल आणि मार्टिनी-हेन्री यांचं नातं खरं आहे बरं का. अमेरिकेत पीबडी नावाच्या माणसानं १८६२ साली एक अॅक्शन, म्हणजे काडतूस आत घेऊन उडवायची यंत्रणा, काढली, त्यात मागच्या पिनेवर झुलणारा ब्लॉक लिव्हरनं खाली पडायचा, पण हॅमर, म्हणजे घोडा, बाहेर होता आणि तो वेगळा ओढावा लागायचा. स्वित्झर्लंडच्या फ्रेडरिक फॉन मार्टिनीनं तो हॅमर काढून टाकला आणि ब्लॉकच्या पोटातच स्प्रिंगवरचा स्ट्रायकर (काडतुसावर आपटणारा खिळा) बसवला, त्यामुळं एकदा लिव्हर ओढली की ब्लॉक खाली, रिकामी केस बाहेर, स्ट्रायकर ताणलेला, सगळं एका हालचालीत. एडिंबराच्या अलेक्झांडर हेन्रीची नळी जोडून ही मार्टिनी-हेन्री १८७१ ला ब्रिटिश फौजेत आली. फौज पुढं मॅगझिनवाल्या रायफलींकडं गेली, पण अॅक्शन मेली नाही.

झालं काय, की १८९९ ते १९०२ च्या दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात तिथल्या बोअर शेतकऱ्यांची नेमबाजी बघून इंग्रज हादरले, आणि ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स वगैरे मंडळींनी गावोगाव बारीक नळीच्या रायफलींचे क्लब काढायचा धोशा लावला. स्वस्त काडतूस, छोटी रेंज, चर्चच्या हॉलमध्ये नाहीतर शाळेच्या मागं. त्या क्लबांना रायफल पाहिजे होती, आणि छोटी केलेली मार्टिनी अॅक्शन त्याला अगदी फिट बसली. स्ट्रायकरला लई थोडं अंतर जावं लागतं, म्हणजे ट्रिगर दाबल्यावर गोळी सुटेपर्यंत हात हलायला वेळच मिळत नाही. बीएसएची मॉडेल १२, मग मॉडेल १५, मग दोन्हींचा मेळ घातलेली १२/१५, आणि १९५० पासून मार्टिनी इंटरनॅशनल, ही सगळी त्याच घराण्याची. तुमच्या रायफलीवर कुठलं मॉडेल कोरलंय ते अॅक्शनच्या बाजूला बघा, नळीवर मुकुट आणि खाली अक्षरं असलेले छोटे शिक्के असतील, ते बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, जिथं प्रत्येक नळी जास्तीच्या दाबाचं काडतूस उडवून तपासली जायची. ते प्रूफ हाउस १८१३ पासून आहे.

मौल्यवान का, तर पैशात मी सांगणार नाही. तुमच्या आजोबांनी जपलेली, नळी चांगली असलेली आणि कागद सरळ असलेली रायफल मला तरी विकायची वस्तू वाटत नाही.

"सर, रायफल दोन वर्षं तशीच होती म्हणून मी लिव्हरच्या आत घरचं घाण्याचं करडीचं तेल सोडलं. महिनाभर छान चालली, आता लिव्हर चिकटल्यासारखी जड झालीय आणि ट्रिगर दाबल्यावर कधी कधी फक्त हळू टक् होतं, राउंड उडत नाही." (सेलू)

हे पत्र वाचून जीव हळहळला, कारण चूक प्रेमापोटी झालीय आणि आपल्याकडं ती घरोघर होते. परभणी म्हणजे करडईचा जिल्हा, आपल्या कृषी विद्यापीठानं परभणी कुसुम नावाची जातसुद्धा दिलीय, त्यामुळं घरात करडीचं तेल असतंच, आणि पोळीला ते अमृत आहे. पण लोखंडात ते घालू नका. करडी, जवस ही सुकणारी तेलं आहेत, हवेतला ऑक्सिजन घेऊन ती हळूहळू घट्ट होतात, आधी चिकट आणि मग पापुद्र्यासारखी. कढईच्या कडेला जो पिवळा चिकट थर साठतो आणि घासून निघत नाही ना, तोच थर तुमच्या स्ट्रायकरच्या भोवती बसलाय. स्ट्रायकर रेंगाळतोय, काडतुसाच्या कडेला जोरात आपटत नाही, म्हणून राउंड उडत नाही.

आणि न उडालेल्या राउंडचं काय केलंत ते तुम्ही लिहिलं नाही. लगेच लिव्हर ओढायची नाही, नळी टार्गेटकडंच ठेवून तीस सेकंद थांबायचं आणि मग काढायचा. दुरुस्ती होईपर्यंत मात्र तिच्यात राउंड घालूच नका.

उपाय आहे. मार्टिनी इंटरनॅशनलमध्ये अख्खी यंत्रणा एका गठ्ठ्यात खाली निघते, तुमच्या मॉडेलमध्ये कशी निघते हे माहीत नसेल तर पिना ठोकत बसू नका, लायसन्स असलेल्या गनस्मिथकडं न्या. दुरुस्तीचं काम कायद्यानं त्याचंच आहे. तो यंत्रणा काढून स्वच्छ रॉकेलमध्ये भिजवेल, ब्रशनं घासेल, कोरडी करेल. मग शिलाई मशीनचं पातळ तेल, तेही थेंब मोजून, पिनेवर एक, ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना बोटानं पुसल्यासारखं. तेल दिसलं म्हणजे जास्त झालं, आपल्या हवेत त्याला धूळ चिकटते आणि धूळ-तेलाची जी पेस्ट होते ती पॉलिश पेपरसारखी घासते.

जवसाचं तेल मात्र वाया घालवू नका, त्याची जागा दुसरीकडं आहे. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा असतो, त्याला वर्षातून एकदा, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की, जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब तळहातावर घेऊन तळहात गरम होईपर्यंत चोळायचे आणि उरलेलं फडक्यानं पूर्ण पुसायचं. जे सुकणं अॅक्शनमध्ये घात करतं तेच लाकडावर कवच होतं. तेलकट फडकं मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि चुरगाळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळत घाला.

"वडील गेले त्याला पाच महिने झाले. त्यांची रायफल घरातच आहे. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. मोठीला नेमबाजीची आवड आहे. लोक म्हणायलेत की गुपचूप राहू द्या, कुणाला काय कळतंय." (लातूर)

ताई, आधी दुःखात सहभागी आहे. आणि लोकांचं ऐकू नका. लायसन्स माणसाच्या नावाचं असतं, तो गेला की घरात राहिलेली रायफल विनालायसन्स होते. आज-उद्याच पोलीस ठाण्यात जा, मृत्यूचा दाखला आणि लायसन्सचं पुस्तक घेऊन, आणि रायफल जमा करा, ठाण्यात किंवा लायसन्स असलेल्या डीलरकडं, दोन्ही चालतं. पोचपावती घ्या, त्यावर नंबर बरोबर लिहिलाय का हे स्वतः वाचा. पाच महिने उशीर झाला हे तुम्हीच जाऊन सांगणं आणि कुणीतरी येऊन सापडवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. डीलरकडं ठेवलीत तर मधूनमधून जाऊन बघा, गंज भाडं देत नाही आणि थांबत पण नाही.

मग तुमच्या बहिणीनं वारस म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा. मुलगी वारस असते, "पोरीच्या जातीला बंदूक कशाला" असं कुणी म्हणलं तर त्याला तेजस्विनी सावंतचं नाव सांगा, कोल्हापूरच्या त्या पोरीनं २०१० ला म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, आणि तुमच्या वडिलांची रायफल त्याच पालथं झोपून मारायच्या प्रकारासाठी जन्माला आलीय. तुमची आणि आईची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल, ते आधीच तयार ठेवा.

हे बाकीच्यांनीही ऐका. २०१६ च्या शस्त्र नियमांत अशी सोय आहे की लायसन्सधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडं असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा, जिवंतपणीच वारसाच्या नावावर करायला अर्ज करता येतो. म्हाताऱ्या माणसाला हे विचारायला आपल्याला जड जातं, माहितंय मला, मी सासऱ्यांना विचारायला दोन वर्षं घेतली. त्यांनी हसून सही केली.

"दसऱ्याला शस्त्रपूजेत रायफल काळपट दिसते. पॉलिश करून, काळा रंग नवा मारून चकाचक करून घ्यावी का? जालन्यात एक जण स्वस्तात करून देतो." (जालना)

नको. हात जोडून सांगतो, नको.

तो काळपट निळसर रंग म्हणजे लोखंडावर मुद्दाम आणलेला पातळ थर आहे. नवा थर द्यायचा म्हणजे आधी जुना घासावा लागतो, आणि बफ मशीनवर धरलं की कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात, प्रूफचे शिक्के जातात. माझ्या एका मित्राची मॉडेल १२ अशीच एका कारागिराकडं दिली होती, आली ती आरशासारखी, आणि नंबराचे शेवटचे दोन आकडे वाचताच येईनात. रिन्यूअलला पुस्तकातला नंबर आणि रायफलीवरचा नंबर जुळवताना किती हेलपाटे झाले ते त्यालाच माहीत. शस्त्रावरचा नंबर किंवा खूण पुसणं, बदलणं हा शस्त्र कायद्यात गुन्हा आहे, तुमच्या मनात काही नसलं तरी.

लाल गंज असेल तर पातळ तेल लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी जाड सुती कापडानं, फारच झालं तर तांब्याच्या नाण्याच्या कडेनं हलक्या हातानं काढा. लोखंडाची घासणी, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश यांना घरात त्या रायफलीच्या जवळ येऊ देऊ नका.

आणि पूजेचं म्हणाल तर पूजा जरूर करा, मीही करतो. फक्त ओलं हळद-कुंकू धातूवर लावू नका. कुंकू हळद आणि चुन्यातून होतं, त्यात पाणी, वरून अक्षता आणि फुलं, रात्रभर तसंच राहिलं की कोजागरीला तिथं बोटाएवढा गंजाचा डाग उठतो. माझ्या रायफलीच्या लिव्हरवर तो अजून आहे, सासूबाईंच्या बोटाचा. पाटावर धुतलेलं वस्त्र, त्यावर रायफल, कुंकू पाटाला आणि नारळाला, आपट्याची पानं बाजूला. संध्याकाळी पुसून तेलाचा हात फिरवून आत.

"मी एनसीसीत पॉइंट टू टू मारलीय. तीपण ब्रिटिश आणि सिंगल शॉटच होती ना? मग फरक काय?" (नांदेड)

हो, जुन्या युनिटांत असलेली नंबर टू मार्क फोर ही ली-एनफील्डवरून केलेली, बोल्टची. ती ट्रेनिंगसाठी, म्हणजे वजन आणि हाताळणी मोठ्या रायफलीसारखी राहावी आणि काडतूस स्वस्त पडावं म्हणून. आपली पॉइंट टू टूची बीएसए मार्टिनी मात्र टार्गेटसाठी. तुमच्या एनसीसीच्या सवयीतली एक मात्र इथं सोडा, रिकाम्या रायफलीवर ट्रिगर दाबायची. पॉइंट टू टू रिमफायर आहे, म्हणजे स्ट्रायकर काडतुसाच्या कडेवर आपटतो, आत काडतूस नसलं की स्ट्रायकर चेंबरच्या कडेवर आपटतो आणि तिथं खाच पडते. पाहुणे आले की खटखट करून बघतात, त्यांच्या हातून आधी घ्या. सराव करायचाच असला तर उडालेली रिकामी केस आत ठेवा, आणि दर दोन-चार वेळेला ती फिरवा.

"मला अशा रायफलींचा संग्रह करायचाय. किती ठेवता येतात?" (छत्रपती संभाजीनगर)

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोन. आधी तीन होत्या. मान्यताप्राप्त रायफल क्लबचा सभासद टार्गेटसाठी पॉइंट टू टू वापरत असेल तर त्याला या आकड्यातून सूट आहे, पण लायसन्स लागतंच, म्हणून आधी क्लबात जा, मारायला शिका आणि मग संग्रहाचं बोला. सुटी नळी, सुटी अॅक्शन "शोपीस" म्हणून कुणी देत असेल तर हात लावू नका, शस्त्राचे भागही कायद्यात शस्त्रातच धरतात.

माझं मत विचाराल तर एक रायफल घ्या आणि तिच्याभोवतीचं सगळं जमवा. जुने कॅटलॉग, काडतुसांचे रिकामे पुठ्ठ्याचे डबे, चामड्याच्या स्लिंग, नळी पुसायचे पितळी रॉड, आणि सगळ्यात महत्त्वाची जुनी स्कोअर कार्डं. सासऱ्यांची तीस-चाळीस कार्डं माझ्याकडं आहेत, मागं पेन्सिलनं हवा, काडतूस, साइटचे क्लिक लिहिलेले. त्या रायफलीचा स्वभाव मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या कार्डांनी जास्त शिकवला.

आणि हे लग्नात, वरातीत हवेत उडवायचं सामान नाही, त्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. वर गेलेली ती छोटी गोळी दीड किलोमीटरवर कुणाच्या अंगणात उतरेल ते कुणी सांगावं.

"पावसाळ्यात गंज आणि उन्हाळ्यात ग्रुप (कागदावरचा गोळ्यांचा पुंजका) फाटतो. जानेवारीत पाचही राउंड दहात जातात, मे महिन्यात तीच रायफल, तेच काडतूस, आणि गोळ्या वाटाण्यासारख्या विखुरतात. नळी गेली का?" (हिंगोली)

नळी बहुतेक गेलेली नाही. पॉइंट टू टूची शिशाची गोळी नळी फार झिजवत नाही, जुन्या नळ्या खराब झाल्या त्या झिजून कमी आणि गंजून जास्त. पूर्वीच्या काडतुसांच्या कडेतला पेट देणारा मसाला उडाल्यावर नळीत एक क्षार सोडायचा, तो मिठासारखा ओल धरायचा, आणि त्याच रात्री धुतली नाही की आत देवीच्या व्रणांसारखे खड्डे. उजेडाकडं धरून बघा, चऱ्या (नळीच्या आतल्या पिळदार खाचा) कडेपर्यंत स्वच्छ दिसत असतील तर निर्धास्त राहा. नळीचं तोंड मात्र नखानं तपासा, तोंडाकडून वाकडातिकडा लोखंडी रॉड घालून लोक ती कड मारून टाकतात. ज्या मॉडेलमध्ये मागून रॉड जातो तिथं मागूनच घाला, जिथं जात नाही तिथं तोंडावर पितळी किंवा प्लास्टिकची बुशी लावून.

तुमचा खरा गुन्हेगार ऊन आहे. मार्टिनीचा दस्ता आणि पुढचं लाकूड हे दोन वेगळे तुकडे, आणि मागचा दस्ता आतून एका लांब बोल्टनं अॅक्शनला आवळलेला असतो. आपल्याकडं मे महिन्यात ४४ डिग्री आणि हवेत पाण्याचा टिपूस नाही, लाकूड आकसतं, बोल्ट तिथंच राहतो, आणि दस्ता केसभर हलायला लागतो. हातानं पिरगाळून बघा, अगदी बारीक कुरकुर ऐकू येईल. बट प्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकाची पट्टी) काढली की भोकात बोल्टचं डोकं दिसतं, लांब आणि बरोबर मापाचा पेचकस घेऊन पाव फेरा, जोर लावून नाही, मनगटानं. पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा परत बघा, घट्ट बोल्टवर फुगलेलं लाकूड चिरतं. पुढच्या लाकडाचा पेचही बघा, तो एकदा जास्त आवळला आणि एकदा कमी तर नळीवरचा दाब बदलतो आणि ग्रुप जागा सोडतो. नंतरच्या इंटरनॅशनल मार्क थ्रीमध्ये हे लाकूड अॅक्शनला धरून नळी मोकळीच ठेवली, ती याच डोकेदुखीसाठी.

पावसाळ्यासाठी एवढंच, की चामड्याच्या कव्हरात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि त्यातले क्षार लोखंड खातात. कुलूपबंद लोखंडी कपाटात, सुती कापडात सैल, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. पुडीतल्या दाण्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करा, परत चालतात. तेल दिल्यावर पहिली रात्र नळीचं तोंड खाली करून उभी ठेवा, नाहीतर तेल उतरून दस्त्याच्या मानेत मुरतं आणि लाकूड काळं पडून मऊ होतं.

साइटचे क्लिक मात्र आत्ता फिरवत बसू नका. पाव मिनिटाचा (हे कोनाचं मिनिट, घड्याळाचं नाही) एक क्लिक ५० मीटरवर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास गोळी सरकवतो, आणि दहाचं वर्तुळच १०.४ मिलिमीटरचं, ढिल्या दस्त्यावर क्लिक मोजणं म्हणजे हलत्या तराजूत सोनं तोलणं. बोल्ट आवळायच्या आधी पाच राउंड आणि नंतर पाच राउंड, दोन्ही कार्डं तारीख, वेळ आणि तापमान लिहून मला पाठवा, पुढच्या अंकात शेजारी-शेजारी छापू.